माशी बसलेली गाठी

फाल्गुन लागला की आमच्या गल्लीला साखरेच्या पाकाचा वास यायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय गोड! डोंबल गोड. सकाळी पहिली कढई चढली की तासभर बरं वाटायचं, दुपारपर्यंत डोकं उठायचं आणि संध्याकाळी चादर, केस, पोळपाट, सगळं चिकट. पाक उकळताना दूध टाकून वर आलेली मळी गटारीत ओतलेली असायची. त्या काळ्या मळीवर माश्या, मुंगळे, आणि ते सगळं चाटायला गल्लीतली कुत्री. लग्न होऊन अंबडला आले त्या पहिल्या पाडव्याला मी नवऱ्याला म्हणाले होते, घर बदला, नाहीतर मला माहेरी नेऊन घाला. दोन्हीपैकी काहीच झालं नाही.

हा वास जिच्या कढईतून यायचा ती कौसामावशी. तिची आणि माझी भिंतीला भिंत. पाडव्याला गुढीला बांधतात आणि लेकरांच्या गळ्यात घालतात ते साखरेचे हार, म्हणजे गाठ्या, ती करायची. आधी नवरा करायचा, तो गेल्यावर ती एकटी. एकुलती लेक लग्न होऊन लांब पुण्याकडे. मावशीची चाळीस वर्षं त्या एका चुलीपुढे गेली.

मावशीच्या घशात एक आवाज कायम तयार असायचा. ‘ह्यक्!’ ओकारी यायच्या आधी माणूस काढतो तसा, पण कोरडा. नळाला गढूळ पाणी आलं, ह्यक्. टीव्हीवर कोणी पुढारी दिसला, ह्यक्. माझ्या नवऱ्यानं केस काळे केले तेव्हा त्याला वरपासून खालपर्यंत बघून, ह्यक्. तो आठवडाभर टोपी घालून फिरला.

पण खरी किळस तिला दोनच गोष्टींची. एक गोडाची आणि दुसरी माशीची.

गोड ती जिभेला लावत नसे. चहा बिनसाखरेचा, आणि भाकरीबरोबर असा ठेचा की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. एकदा गल्लीतल्या बारशाला आग्रह करकरून जिलेबीचा तुकडा तिच्या तोंडात कोंबला. तिनं भर पंगतीत तो पदरात काढला आणि यजमानीणबाईला म्हणाली, “पाक जळालाय तुमचा. आन त्यात माशी शिजलीय.” माशी होती की नाही देव जाणे, पण त्यानंतर कोणी जिलेबीला हात लावला नाही. ती बाई मावशीशी मरेपर्यंत बोलली नाही. मावशीला त्याचं काहीच वाटलं नाही.

पाक झाला का ते ती बोटांनी बघायची. अंगठा आणि तर्जनीमध्ये थेंब धरायचा, बोटं लांबवायची, तार किती टिकते बघायचं आणि बोटं चुलीमागच्या भिंतीला पुसायची. चाळीस वर्षं त्याच भिंतीला! तिथे साखरेचा काळा, बोटभर जाड थर चढला होता आणि त्यातून मुंग्यांची रांग बारा महिने चालू. मला ती भिंत बघवत नसे. बाकी घर मात्र लख्ख. फरशी दिवसातून तीनदा पुसायची, साचे गरम पाण्यानं धुवायचे, दोरे नवे. “माझ्या हातचं खाऊन आजवर कुनाचं पोट दुखलं न्हाई,” हे तिचं ठरलेलं वाक्य. दुकानदाराला सांगायची, गिऱ्हाइकाला सांगायची, कोणी नसलं तर साच्यांना सांगायची. तिच्याकडे गर्व करण्यासारखं तेवढंच होतं आणि तेवढं तिला पुरत होतं.

आणि माशी! गरम पाकाच्या वासानं माश्या यायच्या आणि कढईत पडायच्या. घरमाश्या थोड्या, मधमाश्याच जास्त. मावशी झाऱ्यानं त्या उपसायची, गटारीत झटकायची, पुन्हा उपसायची. डाव्या हातात ओलं फडकं असायचंच. बसली माशी की फाट! मी एकदा म्हटलं, “मावशी, ही मधमाशी आहे, ती घाणीवर बसत नसते.” ती म्हणाली, “माशी ती माशी. जिथं हगती तिथंच बसती. मला नको शिकवू.”

अशा बाईकडे मी माश्यांसाठी साखरेच्या वड्या मागायला गेले. याला अक्कल म्हणत नाहीत, पण माझा इलाज नव्हता.

आमचं शेत अंबडपासून चार किलोमीटरवर, मोसंबीचं. आजूबाजूला कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट. कांद्याच्या फुलात दाणा धरायला माशी लागते, म्हणून मी दोन दिवसांचं शिबिर करून मधमाश्यांच्या बारा पेट्या आणल्या होत्या. नवरा हसला होता, सासू रडली होती. त्या वर्षी पौषात तुरीचा फुलोरा सरला, मोसंबीला बहार फुटायला अजून अवकाश होता आणि थंडी मरणाची. माश्यांना खायला काही नाही. पातळ पाक वाटीत ठेवला तर तो गार पडायचा, त्या ढुंकून बघत नसत. शिबिरातले सर फोनवर म्हणाले, “घट्ट वड्या करून पेटीतल्या पोळ्यांच्या चौकटींवर ठेवा. पण गूळ नको आणि पाक जळू देऊ नका. पिवळा-लाल झालेला पाक माशीला बाधतो, हगवण लागते.”

मी दोनदा घरी करून पाहिलं. पहिल्यांदा पाक जळाला, दुसऱ्यांदा पातेल्यात दगड झाला. तो दगड फोडताना पातेलंही गेलं. मग गेले शेजारी.

“मावशी, माझ्या माश्यांसाठी साखरेच्या वड्या करून देता का?”

“कुनासाठी?”

“माश्यांसाठी. शेतात पेट्या ठेवल्यात ना.”

त्या दिवशीचा ‘ह्यक्’ पलीकडच्या गल्लीत ऐकू गेला असेल. “मेलेल्या माशा उपसू उपसू हात गेला माजा, आन आता त्यांलाच जेवू घालू? उद्या म्हनशील, उंदरासाठी पुरन वाट. उठ, जाय तिकडं.”

मी उठून आले. संध्याकाळी भिंतीवर खडा वाजला. ही तिची हाक मारायची रीत.

“ए सुनंदे! दात असतेत का गं त्यांला?”

“नाही मावशी. सोंडेनं चाटतात.”

“मंग कडक चालनार न्हाई. जास्त घोटावं लागंल.” मग, “कशी पाहिजे म्हन्लीस?”

“पांढरी. बिलकुल पांढरी. जरा पिवळी झाली तर हगवण लागते त्यांना.”

भिंतीपलीकडे ती हसली. एवढ्या वर्षांत मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. “माशीला हगवन! ह्यक्! माझ्या हातचं खाऊन आजवर कुनाचं पोट दुखलं न्हाई, माशीचं बी दुखनार न्हाई. अशी पांढरी करते की तुझे सर बघत राहतेन.”

तिसऱ्या दिवशी तिनं डबा आणून दिला. वड्या नव्हत्याच त्या. हार होते! तिच्याकडे साचे गाठ्यांचे, हाताला सवय दोरा घालायची, तिनं माश्यांसाठीही दोऱ्यात ओवलेल्या गाठ्या केल्या होत्या. मऊ, बोट रुतेल अशा, आणि पांढऱ्या इतक्या की उन्हात डोळे दिपावेत. “घाल त्यांच्या गळ्यात,” ती म्हणाली. मी हसत हसत शेतावर गेले आणि बाराही पेट्यांत चौकटींवर एकेक हार आडवा ठेवला. झाकणं लावली. थंडीत पेटी सारखी उघडायची नसते, म्हणून पाच दिवस तिकडे फिरकले नाही.

सहाव्या दिवशी लांबूनच वास आला. आंबट, कुजका. पेट्यांच्या तोंडाशी मेलेल्या माश्यांचे ढीग. पांढऱ्या रंगाच्या पेट्या पुढून तपकिरी ओघळांनी बरबटलेल्या. मी पहिलं झाकण उघडलं तर चौकटींवर, भिंतींवर, त्या पांढऱ्या हारावर, सगळीकडे माश्यांची हगवण. पोटं फुगलेल्या, सोंडा बाहेर आलेल्या माश्या दोऱ्याला चिकटून मेलेल्या. मी बांधावर जाऊन ओकले. मग येऊन दुसरं झाकण उघडलं. आठ पेट्या गेल्या होत्या. चार पेट्यांत अर्ध्यामुर्ध्या जिवंत होत्या, कारण त्यातल्या हाराला त्यांनी फारसं तोंडच लावलं नव्हतं.

सरांना फोन केला. “पाक जळाला होता का?”

“नाही सर, पांढराशुभ्र होता.”

“पांढराशुभ्र?” त्यांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाले, “नुसत्या साखरेचा इतका पांढरा होत नाही ताई. त्यात काय घातलं होतं ते विचारा.”

मी मूठभर मेलेल्या माश्या पेपरात गुंडाळल्या आणि तडक मावशीच्या घरी जाऊन तिच्या पुसलेल्या फरशीवर ओतल्या. मला माहीत होतं तिला काय होईल. तेच व्हावं म्हणून ओतल्या.

“काय घातलं होतं पाकात?”

तिनं फडकं उचललं नाही. “काय म्हंजी? साखर, दूध, लिंबू. आन हायड्रो.”

“हायड्रो?”

देव्हाऱ्यामागून तिनं एक प्लॅस्टिकचा डबा काढला. आत पांढरी पावडर. झाकण उघडलं आणि विझलेल्या काडीचा, सडक्या अंड्याचा वास नाकात गेला. पाक पांढरा करायची पावडर.

“कधीपासून घालता हे?”

“तुझं लगीन व्हायच्या आदीपासून. बाहेरून पांढऱ्या गाठ्या यायला लागल्या, माझ्या मळकट कोनी घेईना. साखर आनून देनारा म्हन्ला, चिमूटभर टाक, सगळेच टाकतेत. मी येवढीच टाकत होते.” तिनं दोन बोटांची चिमूट दाखवली. “तुझ्यासाठी दोन टाकल्या. पांढरी पाहिजे म्हन्लीस ना. पिवळी झाली तर हगवन लागती म्हन्लीस.”

मी फार बोलले. तोंडाला येईल ते बोलले. विष म्हणाले, खुनी म्हणाले, चाळीस वर्षांची अक्कल गटारीत ओता म्हणाले. ती खाली बसून त्या माश्यांकडे बघत होती. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, “माशी मेली ते तुला दिसलं, म्हनून भांडाय आलीस. गाठ्या लेकरं खातेत गं. लेकरू काय असं लगेच मरून पडतंय, पेपरात गुंडाळून आनायला?”

माझी दोन्ही लेकरं दर पाडव्याला तिच्या गाठ्या खात मोठी झाली होती. आणि हार निवडायला मी स्वतः जात होते. ढिगात हात घालून, उलटसुलट करून, सगळ्यात पांढरा हार मीच उचलायची. मळकट दिसला की नाक मुरडून बाजूला टाकायची. मला स्वतःची इतकी घाण वाटली की मी तिथून निघूनच आले.

रात्रभर पलीकडून काही आवाज आला नाही. सकाळी खडा वाजला.

“सुनंदे. चल, दाखव मला.”

मी तिला गाडीवर मागे बसवून शेतावर नेलं. नाकातोंडाला पदर घट्ट बांधून ती जिवंत पेट्यांसमोर उकिडवी बसली. ऊन चढलं होतं. एक माशी मेलेल्या माशीला पायात धरून दारातून ओढत बाहेर आणत होती. उचलेना, पडली, पुन्हा उचलली, आणि पार बांधापर्यंत उडत नेऊन टाकली. मागून दुसरी आली. तिसरी आली.

“हे काय करून राह्यल्या?”

“मेलेल्या बाहेर टाकतात. घर साफ करतात.”

ती आणखी पुढं सरकली. “आन हगायला?”

“बाहेर उडून जातात. घरात कधीच घाण करत नाहीत मावशी. थंडीत दिवसच्या दिवस दम धरतील, पण घरात नाही.”

तिनं पेटीवरच्या तपकिरी ओघळांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता ‘ह्यक्’ येणार. आला नाही.

“मंग माझ्यापायी घरात हगावं लागलं व्हय ह्यांला,” ती म्हणाली.

तिनं कमरेचं फडकं काढलं, तेच, माशी मारायचं, आणि कॅनमधल्या पाण्यात भिजवून पेट्या पुसायला लागली. मेलेल्या आठ आणि जित्या चार. एक माशी तिच्या मनगटाला डसली. तिनं काटा नखानं काढला, म्हणाली, “बराबर हाय,” आणि पुन्हा पुसू लागली.

त्याच दिवशी तिनं नवा पाक केला. लिंबू नाही, पावडर नाही, मंद आच, हात दुखेस्तोवर घोटणं. रंग आला दुधाच्या जुन्या मळक्या सायीसारखा. दोरा या वेळी घातला नाही. त्या वड्यांवर माझ्या चार पेट्या जगल्या. मोसंबी फुलली तेव्हा त्यातल्या तीन चांगल्या भरल्या होत्या. मी सांगायला गेले तर ती म्हणाली, “बरं,” आणि देव्हाऱ्यामागचा डबा माझ्या हातात दिला. “तू शिकलेली हाईस. कुठं फेकायचं ते तू बघ. गटारीत टाकलं तर कुत्री चाटतेन.” आयुष्यभर सगळं गटारीत ओतणारी बाई. तो डबा आजही माझ्या माळ्यावर आहे. कुठं फेकायचा ते मलाही सुचलेलं नाही.

त्या फाल्गुनात गल्लीला पाकाचा वास आला, पण त्यात तो सडका वास नव्हता. तो वास कायम असायचा आणि मी त्याला साखरेचा वास समजत होते, हे मला तेव्हा कळलं. दुकानदारांनी तिच्या गाठ्या बघितल्या आणि घेतल्या नाहीत. “मावशी, जुना माल आहे का? रंग गेलाय.” एकानं हातात घेऊन हुंगली आणि परत टाकली. मला संताप आला. तिनं शांतपणे सगळे हार टोपलीत भरले आणि म्हणाली, “मी बसते बाजारात.”

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तिची लेक येऊन तिला घेऊन गेली. गुडघे गेले होते, चुलीपुढं बसवत नव्हतं. पावसाळ्यात ती तिकडेच वारली. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे आहे ती पाडव्याच्या आदल्या दिवसाची, बाजारातली.

रस्त्याच्या कडेला ओळीनं गाठ्यांचे गाडे. हिरव्या-गुलाबी कागदांवर पांढरेशुभ्र हार लटकलेले, खाली गर्दी. शेवटी जमिनीवर पोतं टाकून कौसामावशी. टोपलीत मळकट हार आणि त्यांच्यावर मधमाश्या. पाच-दहा नाही, हार दिसू नयेत इतक्या. कुठून आल्या होत्या कोण जाणे. माझ्या असतील, रानातल्या असतील. शेजारच्या गाड्यावर मी मुद्दाम बघितलं, तिथे एकही नव्हती. मी काही शास्त्रज्ञ नाही, दिसलं ते सांगते.

मावशीच्या मांडीवर ओलं फडकं होतं. ते तसंच घडी घातलेलं होतं.

एक बाई लेकराला कडेवर घेऊन आली. चांगल्या घरची, माझ्यासारखीच. टोपलीत वाकली आणि मागे सरली. “शी! आजी, माश्या बसल्यात की वो सगळ्या!”

“बसल्यात म्हनूनच घे बाई,” मावशी म्हणाली.

“काहीतरीच! किती घाण!” बाईनं नाकाला रुमाल लावला आणि शेजारच्या गाड्यावर गेली. ढिगात हात घालून, उलटसुलट करून, सगळ्यात पांढरा हार तिनं उचलला आणि तिथंच लेकराच्या गळ्यात घातला. लेकरानं एक गाठी ओढून तोंडात घातली.

मावशी टोपलीला हात टेकून उठायला गेली. गुडघा उचलला नाही. “ए बाई! लेकराला नको देऊ ते! ए बाई!” गाड्यावर भोंगा चालू होता, बाईला ऐकू गेलं नाही. मी रस्ता ओलांडून पोचेपर्यंत ती गर्दीत गेलीही होती. मी परत वळले. मावशी पोत्यावर बसली होती आणि त्या गाड्यावरच्या शुभ्र हारांकडे बघत होती.

“ह्यक्,” ती म्हणाली. पण या वेळी तो कोरडा नव्हता, तिनं खरंच तोंडाला पदर लावला.